दादा गावाला गेलेत

सावलीचं खरं नाव काय, हे वाइन बारमध्ये कुणालाच चटकन आठवत नसे. मालकीणबाईंना विचारलं तर त्याही कपाळाला आठ्या घालून छताकडे बघायच्या. 'सावली' हे नाव ठेवलं आचाऱ्याने. एकदा तो मशरूम भाजत होता, मागे वळला तर नाकाला नाक लागेल एवढ्यावर हा उभा. आचाऱ्याच्या हातातला झारा उडाला तो थेट सिंकमध्ये.

"अरे, माणूस आहेस की सावली? घुंगरू बांध पायात, घुंगरू!"

त्याच्या पायांना आवाजच नव्हता. पाय चांगले लांबरुंद, बूट मोठे, पण जमिनीला कळायचं नाही की कुणी गेलं. त्याला कारण होतं. त्याचे वडील रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. घर एका खोलीचं, पोरं चार. भांडं वाजलं की वडिलांची चप्पल भिरभिरत यायची, आणि ती नेमकी ज्याने वाजवलं त्यालाच लागायची असंही नाही. त्यामुळे चारही पोरं मांजराच्या पावलांनी चालायला शिकली. बाकीचे तिघे मोठे झाल्यावर धपाधप चालू लागले. याचं तसंच राहिलं.

वाइन बार होता एका आडरस्त्यावर, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. लांबट खोली, विटांच्या भिंती, ठेंगणं छत. प्रत्येक टेबलावर एक छोटा दिवा. भिंतीवर बाटल्या आडव्या ठेवलेल्या, दुपारची झोप काढत असल्यासारख्या. मागे स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यातून ताटं बाहेर यायची आणि आचाऱ्याचे शेरेही. एक बाई वाइन तोंडात घोळवून, डोळे मिटून म्हणायच्या, "हिच्यात मला नाऽऽ ओल्या लाकडाचा वास येतो." आचारी खिडकीतून पुटपुटायचा, "आत्ताच टेबल पुसलंय. त्याचा येतोय."

तीच वाइन पुढच्या चौकात दोन ठिकाणी मिळायची. मासा तिकडेही भाजायचे, चीजही कापायचे. पण लोक चौक ओलांडून इकडे यायचे, कारण इथे दादा वाढायचे.

दादा अंगाने भरलेले, केस मागे चोपून बसवलेले, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुपारी सगळ्यांची जेवणं व्हायची तेव्हा ते कोपऱ्यातल्या टेबलाशी एकाच खुर्चीवर बसायचे. ती खुर्ची दोनदा करकरायची. एकदा त्यांच्या वजनाने आणि एकदा ते बूट काढायला वाकले की. "हुश्श. पाय म्हणजे नुसते दगड झालेत रे," म्हणायचे. संध्याकाळी पुन्हा तेच बूट घालून उभे राहायचे, आणि दगड वगैरे काही नाही अशा थाटात टेबलांमधून फिरायचे.

टेबलाजवळ जाताना ते आधी खाकरायचे. पहिला ठसका कोरडा, दुसरा जरा लांबवलेला, आणि शेवटी नाकातून सोडलेला बारीकसा सुस्कारा. एवढं झालं की टेबलावरची भांडणं आवरली जायची, डोळे पुसले जायचे, हातातले हात सुटायचे. मग दादा पोचायचे आणि त्यांना काही म्हणता काही दिसायचं नाही.

"वाढणाऱ्याने खाकरून जावं," ते सावलीला सांगायचे. "टेबल म्हणजे तेवढ्यापुरतं लोकांचं घर असतं. कुणाच्या घरात शिरताना दार वाजवतोस ना? इथे दार नाही. म्हणून घसा."

दुसरं असं, की बाटली उघडून पहिला घोट चवीला ओतला की दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. विटा मोजत असल्यासारखे. "घास घेताना माणूस उघडा असतो. त्याच्या तोंडाकडे बघत राहिलास तर त्याला वाटतं, परीक्षा चाललीय. पोटात उतरू दे. हाक मारली की वळ."

आणि तिसरं म्हणजे, जेवताना वाईट बातमी वाढायची नाही. मासा संपला तरी 'संपला' म्हणायचं नाही. "आज मशरूम बघा, काय भाजलेत!" म्हणायचं. बाहेर जग बुडालं असेल तर ते बिलानंतर कळू दे.

सावली हे सगळं ऐकायचा. पण त्याच्या कामात त्याची गरज नव्हती. तो तळघरातून बाटल्या आणायचा, पेले वाफेवर धरून पुसायचा, रिकामी ताटं उचलायचा. लोकांना तो दिसायचाच नाही. ताट होतं, आता नाही, एवढंच कळायचं. त्याला ते बरंही वाटायचं.

एके दिवशी सकाळी दादा घरी बुटाची नाडी बांधायला वाकले, ते पुन्हा वर उठले नाहीत.

बारमधले सगळे जाऊन आले. संध्याकाळी दरवाजा उघडायचा की नाही यावर मालकीणबाई बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "टेबलं आधीच सांगून ठेवलेली आहेत लोकांनी. उघडूया. पण आज कुणाला काही सांगायचं नाही. दादा असते तर त्यांनीच नसतं सांगू दिलं."

पहिले आले ते दातांचे डॉक्टर. ते ठरलेले गिऱ्हाईक. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून स्वतः बोलायची त्यांना इतकी सवय, की समोरच्याने उत्तर द्यायचं असतं हेच ते विसरले होते. "काय म्हणता, मजेत ना, असणारच, हवा काय पडलीय बघा, दादा कुठायत?" हे सगळं एका श्वासात.

मालकीणबाईंनी टेबलावरचा दिवा जरा सरकवला. "गावाला गेलेत."

"हां हां. जायलाच हवं माणसाने. बरं, आज काय?"

एकदा तोंडातून गेलेलं पुन्हा पोटात कसं घालणार? दुसऱ्या दिवशी सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला, महिना गेला. कुणीही विचारलं की दादा गावाला गेलेले असायचे. आचारी म्हणाला, "गाव मोठं दिसतंय. संपेना."

आणि टेबलं आली सावलीवर.

पहिल्याच आठवड्यात खिडकीजवळच्या टेबलावर दोन बहिणी बसल्या होत्या. मोठी धाकटीला सासूची नक्कल करून दाखवत होती. मान वाकडी, ओठ मुडपलेले, "सूनबाई, आमच्यात असं नसतं हो." धाकटी हसून हसून टेबलावर पडलेली. त्याच क्षणी मोठीच्या कानाशी आवाज आला, "अजून काही?" बाई किंचाळली. लाल वाइन पांढऱ्या ब्लाउजवर. तिला म्हणे वाटलं, सासूच आली.

ते हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही. दोन भाऊ आले होते, चांगले वयस्कर. मोठा अगदी हळू आवाजात धाकट्याला काहीतरी सांगत होता, दवाखान्यातलं. धाकट्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. सावली पोचला, वाकला आणि म्हणाला, "पाव आणू?" दोघांनी दचकून वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यांवर जे होतं ते सावलीने बघायला नको होतं, आणि ते त्याला दिसलं हे त्यांनाही दिसलं. मोठा भाऊ उठला, कोट चढवला. मासा तसाच राहिला, गरम.

मग तक्रारी सुरू झाल्या. "जेवण झकास, वाइन झकास, पण वाढतं कोण तेच कळत नाही हो. बघावं तर ग्लास भरलेला! अंगावर काटा येतो." एका बाईंनी तर मैत्रिणींना सांगितलं, तिथे भूत वाढतं. टेबलं रिकामी राहायला लागली.

मालकीणबाईंनी सावलीला दुपारी बसवून घेतलं. "तुझं काम चोख आहे रे. एक थेंब सांडत नाहीस. पण लोक जेवायला येतात, दचकायला नाही. या महिन्यात जमलं तर बघ. नाहीतर मला दुसरा माणूस आणावा लागेल, तू पुन्हा तळघरात."

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. पंधरा वर्षांची मुलगी तिथेच डबा घासत होती. तिच्या अंगात माकड होतं. शाळेतल्या बाई, शेजारचे काका, आत्याचं फोनवरचं बोलणं, सगळं ती असं काढायची की पोट दुखायचं. वातावरण हलकं करायला बायको म्हणाली, "आता बाबांची नक्कल काढ बघू."

मुलीने भुवया वर केल्या, ओठ हलवले, पुन्हा मिटले. "बाबांचं काय काढू? बाबांचं काढण्यासारखं काहीच नाही गं."

तिघंही हसली. सावलीही हसला. पण माशाचा काटा अडकावा तसं ते वाक्य त्याच्या घशात राहिलं.

त्याच घशातून दुसऱ्या दिवशी दादा निघाले.

न्हाणीघराचं दार लावून तो आरशासमोर उभा राहिला. कोरडा ठसका. लांबवलेला ठसका. सुस्कारा. इतकी वर्षं ऐकलेलं, ते कानातून घशात उतरायला वेळ लागला नाही. बाहेरून मुलगी ओरडली, "आई, दादाकाका आलेत का आपल्याकडे?" आणि मग तिच्याच लक्षात आलं. बराच वेळ बाहेर भांडंसुद्धा वाजलं नाही.

संध्याकाळी दातांचे डॉक्टर नेहमीच्या टेबलाशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. सावली मागून गेला, तीन पावलांवर थांबला आणि खाकरला.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. नुसते हसले. "या दादा. आलात एकदाचे? ओता, ओता."

सावलीने उजव्या खांद्यावरून ओतलं. 'मी दादा नाही' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण मग पुढचं विचारलं असतं, आणि समोर मासा होता. तो भिंतीकडे वळून उभा राहिला. मागून डॉक्टरांचा समाधानाचा हुंकार आला. स्वतःच्या घरी परतलेल्या माणसासारखा.

त्या दिवसापासून बसण्याची तऱ्हाच बदलली. ठसका ऐकला की जुनी माणसं खुर्चीत सैल व्हायची. वर बघायची गरजच नाही, दादा आहेत. नवी माणसं म्हणायची, किती अदबीचा माणूस आहे. कुणी सावलीकडे बघितलंच तर म्हणायचं, "दादा आत आहेत वाटतं? आवाज आला." मालकीणबाई म्हणायच्या, "असतील इथेच." टेबलं पुन्हा भरली. दोघं भाऊही आले. ठसका झाला तसा धाकट्याने डोळ्यांवरून हात फिरवला, मोठ्याने रुमाल नीट केला, आणि सावली पोचला तेव्हा दोघं पावाचा वास घेत होते.

आचारी खिडकीतून म्हणाला, "मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे तर म्हैस मेलीय हेच कुणाला माहीत नाही, आणि दूध रोज निघतंय."

"तोंड सांभाळ," मालकीणबाई म्हणाल्या. पण त्यांनीही तळघराच्या जिन्याकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला ओंजळ कधी सुटेल याची भीती असते. सावलीचं उलटं झालं. ओंजळ सुटेनाच. आधी ठसका आला, मग त्यामागून बोलणं आलं, 'काय भाजलेत बघा!' मग चालणं. त्याचे पाय दुखायला लागले. आयुष्यात कधी दुखले नव्हते.

"अहो, पाय का ओढताय?" बायकोने विचारलं.

"दगड झालेत," तो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तो झोपेत खाकरायचा हे तिने त्याला कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं. तिने उशी घेऊन मुलीच्या खोलीत झोपायला सुरुवात केली. म्हणाली, "तिची परीक्षा आहे."

मुलीनेही त्याच्यासमोर नकला करणं बंद केलं. एकदाच म्हणाली, "बाबा, आता तुमच्या आवाजात बोला ना."

"हाच माझा आवाज आहे," सावली म्हणाला. आणि कोण बोललं ते दोघांनीही ऐकलं.

एका दुपारी तो एकटाच पेले पुसत होता. आचारी बाजारात, मालकीणबाई वरच्या मजल्यावर. तळघराच्या जिन्यात कुणीतरी खाकरलं. कोरडा, लांब, सुस्कारा. सावलीने आधी स्वतःचा गळा चाचपला. आपणच असू, असं त्याने ठरवलं. सवय लागली की कळत नाही माणसाला. पण पेला तोंडासमोर धरलेला होता, आणि त्याच्यावर श्वासाची वाफ धरली नव्हती.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. वाईट बातमी वाढायची नाही.

मग दादांची बायको आली.

दिवे लावायची वेळ होती. दारात एक लहान चणीची बाई उभी राहिली, हातात कापडी पिशवी, एक गाल सुजलेला. मालकीणबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. सावलीने ओळखलं. एकदाच पाहिली होती, त्या सकाळी, बुटांच्या शेजारी बसलेली.

"वहिनी," तो म्हणाला.

"जेवायला आलेय," त्या अर्ध्या तोंडाने म्हणाल्या. "येतात ना इथे बायका एकट्या?"

"येतात की. या ना, या," मालकीणबाई पुढे धावल्या. वहिनींनी स्वतःच टेबल निवडलं. नेमकं कोपऱ्यातलं. आणि बसल्या त्या खोलीकडे पाठ करून, दादांच्या खुर्चीसमोर.

मालकीणबाईंनी सावलीला खिडकीपाशी ओढलं. "आज खाकरू नकोस. कळलं? ही काय शोभा करेल सांगता येत नाही."

"आणि डॉक्टर? येतीलच ते आता."

"त्यांच्याकडे जरा पाय वाजवत जा."

"माझे नाही वाजत, बाई."

"मग मर तिकडे!" असं म्हणून त्यांनी जीभ चावली.

डॉक्टर आलेच. वहिनींच्या मागच्याच टेबलाशी बसले, पाठीला पाठ, मोबाइल बाहेर. सावली बाटली घेऊन तीन पावलांवर थांबला. न खाकरता जायचं त्याने ठरवलं होतं. अगदी ठरवलं होतं. घशाने ऐकलं नाही.

"या दादा!" डॉक्टर म्हणाले, मान खाली. "बरं झालं. निरोप पोचला वाटतं."

वहिनींची पाठ ताठ झाली. त्या वळल्या नाहीत.

सावलीने डॉक्टरांचा पेला भरला तो कसा, त्यालाच माहीत. वहिनींना अजून पाणीसुद्धा दिलं नव्हतं. त्याने पेला घेतला आणि तिकडे गेला. भीतीने ठसका, चाल, सगळं गळून पडलं. लहानपणी वडील झोपलेले असताना पाण्याच्या माठाकडे जायचा, तसा तो गेला. आवाज म्हणून नाही.

तो त्यांच्या मागे पोचला आणि वहिनी, मान न वळवता, म्हणाल्या,

"आलात?"

पेल्यातलं पाणी हललं. तो आवाज त्याच्यासाठी नव्हता. नवरा घरी आल्यावर चुलीपाशी बसलेल्या बाईचा तो आवाज होता, तिला मागे बघावं लागत नाही.

"मी... मी सावली, वहिनी."

त्यांनी हळूच मान वळवली. बराच वेळ बघितलं. "हो. दिसतंय. पण तुम्ही अगदी तसे आलात. ते घरी असेच यायचे, पाऊल न वाजवता. मी कितीदा दचकलेय. पुढे पुढे नुसतं कळायचं."

"घरी खाकरायचे नाहीत?"

"कधी नाही. मघाशी खाकरलं ते कोण?"

सावलीने खाली पाहिलं. "दादा. म्हणजे... दादांसारखं."

"माझ्या ओळखीचा नाही तो माणूस," वहिनी म्हणाल्या.

इतक्या लोकांना पटलेलं सोंग त्या बाईपुढे असं उभ्या उभ्या उतरलं. सावलीच्या अंगावर काही राहिलं नाही.

वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली, आवाज खाली आणला. "दात काढायला गेले होते या डॉक्टरांकडे. माझा जबडा उघडा, यांचे दोन्ही हात आत. आणि मला सांगतायत, 'वहिनी, दादांना सांगा, परवा आवाज ऐकला त्यांचा, पण भेट नाही झाली.' मी काय बोलणार? तोंडात कापूस. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणतात, 'दुखतंय का? झालंच हं, झालंच.' नंतर चूळ भरली, तरी बोलता आलं नाही. सांगते म्हटलं आणि निघाले. घरापर्यंत मला तेच. मला फसवून इकडे येतात की काय?" त्या किंचित हसल्या, दुखऱ्या बाजूने. "वेड्यासारखं. पण आले ना बघायला."

सावलीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"मला वाढा," त्या म्हणाल्या. "लोकांना वाढायचे तसं. आख्ख्या जगाला वाढलं त्यांनी. मला नाही कधी."

सावलीने लहान बाटली आणली. बूच काढलं. चवीपुरती ओतली. आणि भिंतीकडे वळून उभा राहिला.

पाठीमागे काहीच झालं नाही. पेला उचलल्याचा आवाज नाही, काही नाही.

"का फिरलात?"

"चव घेताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. उघडा असतो माणूस. दादांनी शिकवलंय."

सावलीच्या डोळ्यांसमोर विटा होत्या. मग वहिनींचा आवाज आला, पण तो आता एकदम लहान झाला होता.

"मी पहिला घास घेतला की ते असेच वळायचे. भिंतीकडे. रोज. लग्न झाल्यापासून." त्या थांबल्या. "मला वाटायचं, माझं तोंड बघवत नाही त्यांना. एकदा रागाने विचारलं, तर म्हणाले, 'तू जेव गं.' एवढंच. मी मनात धरून बसले. शेवटपर्यंत धरून बसले हो."

मग पेला उचलल्याचा आवाज आला. घोट गेल्याचा. सावली वळला नाही. त्यांनी हाक मारेपर्यंत वळायचं नव्हतं, आणि त्यांनी बराच वेळ मारली नाही.

मारली ती डॉक्टरांनी. "दादाऽऽ, थोडी अजून! आणि आमच्या वहिनींचा दात कसाय विचारा हो घरी!"

सावली वळला. वहिनी त्याच्याकडेच बघत होत्या, डोळे ओले, पण आवाज कोरडा. "ते गेलेत हे इथे कुणालाच सांगितलं नाही?"

"जेवताना वाईट बातमी वाढायची नाही, असा नियम होता. त्यांचाच."

"नियम त्यांचा. आणि सुटका त्यांची कुणी करायची?" त्या पुढे झुकल्या. "घरी मी रडले, त्यांचे कपडे वाटले, बूट दिले. तिकडे ते गेले. इथे तुम्ही त्यांना उभं करून ठेवलंय. किती महिने झाले? त्यांचे पाय दुखतात हो फार. बसू द्या की आता."

सावलीने खिडकीकडे पाहिलं. मालकीणबाई नाही नाही अशी मान हलवत होत्या. त्यांच्या मागे तळघराचा जिना. महिन्याची ती मुदत, दुसरा माणूस, पेले आणि वाफ. हे शब्द एकदा बोलले की ठसका उरणार नाही, आणि ठसक्याशिवाय या खोलीत आपण म्हणजे पुन्हा कुणी नाही, हे त्याला नीट कळत होतं.

तो डॉक्टरांच्या टेबलाकडे गेला. तीन पावलांवर थांबला. घशात दादा तयार होते. त्याने ते गिळले.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मी येतोय हं."

आवाज जरा चिरका होता, शेवटाला वर जाणारा. इतक्या दिवसांनी निघाला होता, गंज लागल्यासारखा. डॉक्टरांनी दचकून मान वर केली आणि पहिल्यांदाच सावलीला बघितलं, चेहऱ्याकडे.

"तुम्ही कोण? दादा कुठायत?"

"दादा वारले, डॉक्टर. ते गावाला गेले नव्हते. इतके दिवस मी खाकरत होतो."

काटे-चमचे थांबले. खिडकीजवळच्या टेबलावर कुणीतरी 'अं?' म्हणालं. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, त्यांच्या खुर्चीतल्या माणसांचं राहतं तसं, आणि त्यातून शब्द येईना. त्यांनी सावलीकडे पाहिलं, मग पाठीमागच्या टेबलाकडे, त्या सुजलेल्या गालाकडे. "वहिनी, तुम्ही... मी तुमच्या तोंडात हात घालून... अरे देवा."

पुढे काय म्हणतील, उठून जातील की ओरडतील, सावलीला माहीत नव्हतं. त्याला एकच गोष्ट शिकवलेली होती. काहीतरी कडू त्याने माणसांच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि ती ते गिळत होती.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पाठीमागे खोली एवढी शांत होती की दिव्यांची वात जळल्याचा आवाज यावा. कुणाचं तरी नाक ओढलं गेलं. कुणी पेला खाली ठेवला, फार हळू. आचाऱ्याच्या तव्यावरचं चरचरणं थांबलं. मग कोपऱ्यातून वहिनींचा आवाज आला, घरातला.

"बसा."

सावलीने विटांवर नजर रोवली. कोपऱ्यात, वहिनींच्या समोरची खुर्ची करकरली. जड माणूस टेकल्यावर करकरते तशी.

त्याने मान वळवली नाही. हाक येईपर्यंत वळायचं नसतं. श्वास धरून तो ऐकत राहिला.

जरा वेळाने ती पुन्हा करकरली. बूट काढायला वाकल्यासारखी.